मानपत्राचे दुसरे वाचन

आमच्या विद्यापीठात हिवाळा सरता सरता गुणगौरव सोहळा होतो. वर्षभरात ज्या कर्मचाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काही नाव कमावले, त्यांना त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळते. शाल नागपूरहून येते, श्रीफळ गडचिरोलीच्या बाजारातून आणि मानपत्र माझ्याकडून. मी वडशाच्या महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. मराठीच्या माणसाला दुसरे काय येते, असा विचार करून कोणीतरी हे काम माझ्या गळ्यात घातले आणि मी निवृत्त झालो तरी ते गळ्यातच राहिले.

सत्कार या प्रकाराची मला हौस नाही. आमच्या झाडीपट्टीत, या जंगलाच्या मुलखात, हिवाळाभर गावोगाव नाटके होतात आणि नाटकाआधी उद्घाटन होते. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, विशेष अतिथी, अतिविशेष अतिथी अशी माणसे रंगमंचावर चढत राहतात आणि प्रेक्षक घोंगडी पांघरून मुकाट्याने बसून राहतात. ही खोड इथल्या प्रत्येक कार्यक्रमाला लागली आहे, विद्यापीठही त्यातून सुटलेले नाही. व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या नाहीत तर कार्यक्रम फिका झाला असे मानतात.

मानपत्राचे मात्र मला बरे वाटते. माणसाच्या तोंडावर त्याची स्तुती करायची आणि ती सगळ्यांनी गुपचूप ऐकून घ्यायची, अशी संधी आयुष्यात दोनदाच येते, आणि दुसऱ्या वेळी त्याला ऐकू येत नसते. त्यामुळे पहिल्या वेळी तरी भाषा नीट असावी, एवढे मी पाहतो. पण मानपत्राचा एक ठरलेला मसाला असतो आणि तो घातल्याशिवाय मंडळींच्या तोंडाला चव येत नाही. आमच्या विद्यापीठाखालच्या दोन जिल्ह्यांच्या मानपत्रांत तर काही शब्द आधीच छापून ठेवायला हरकत नाही. दुर्गम, प्रतिकूल, जिद्द. त्यानंतर गरिबी येते. गरिबी आली की सभागृहात चुळबुळ थांबते, पहिल्या रांगेतला एखादा चष्मा पुसतो आणि सोहळ्याचे समन्वयक माझ्याकडे पाहून मान हलवतात. हे समन्वयक माझे जुने सहकारी, सज्जन माणूस, पण त्यांचे म्हणणे असे की मानपत्र ऐकून डोळ्यांत पाणी आले नाही तर चहापाण्याचा खर्च वाया गेला.

मी सांगतो आहे त्या वर्षी तिघांचे सत्कार होते. विद्यार्थ्यांतून आलापल्लीकडचा एक धावणारा पोरगा होता. तो इतका कमी बोलायचा की त्याचे मानपत्र मला त्याच्या प्रशिक्षकाला विचारून लिहावे लागले. कर्मचाऱ्यांतून परीक्षा विभागातला एक बाबू होता. हा दिवसा गुणपत्रिका सांभाळायचा आणि हिवाळ्यात रजा टाकून नाटकांत खलनायकाची कामे करायचा. त्या वर्षी त्याला कुठल्या तरी मोठ्या स्पर्धेत बक्षीस मिळाले होते. आणि माजी विद्यार्थ्यांतून एक मुलगी होती. तिने गणितात विद्यापीठाचे सुवर्णपदक घेतले होते आणि आता दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या संस्थेत संशोधनासाठी तिची निवड झाली होती. आमच्या विद्यापीठातून तिथे गेलेली ती पहिलीच.

बाबूचे मानपत्र मी लिहिले आणि वाचायला दिले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"सर, मस्त आहे. पन थोडी गरिबी वाढवा ना."

"तुमच्या घरी तर धानाची चांगली शेती आहे म्हणे," मी म्हणालो. "ट्रॅक्टर पण आहे."

"ट्रॅक्टर आता आला, सर. पहिले नव्हता. मायनं लई कष्ट केले. ते येऊ द्या. नाटकवाल्याच्या मानपत्रात माय पाहिजेच."

मी गरिबी वाढवली. आई घातली. नट माणूस, त्याला प्रवेशाची जाण माझ्यापेक्षा जास्त, असे म्हणून सोडून दिले. खोटे तसे त्यात काही नव्हते. त्याच्या आईनेही चिखलात उभे राहून धानाचे रोवणे केलेच होते, फक्त स्वतःच्या शेतातल्या बांधीत.

मुलीचे मानपत्र त्याहून सोपे वाटले होते. तिची माहिती कागदावर आली तेव्हाच मला सगळा मसाला दिसला. ढिवराच्या घरची मुलगी. वडील गावच्या तलावावर मासेमारी करणारे आणि फेब्रुवारी लागला की तेलंगणात मिरची तोडायला जाणारे. आई तलावात शिंगाडे लावणारी, ते काढून, उकडून वडशाच्या बाजारात विकणारी. असे मानपत्र लिहायला मला एक सकाळ पुरते. चिखलातून उमललेले कमळही मी त्यात घातले होते.

मुलगी स्वतःच मसुदा पाहायला माझ्या घरी आली. सडपातळ, ताठ बसणारी, चहा ठेवला तर तो निवेपर्यंत हात न लावणारी. तिने कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"सर, चिखल म्हणजे कोन?" तिने विचारले.

मी म्हणालो, ती उपमा आहे.

"तेच विचारून राह्यली मी. मी कमळ असन त चिखल आमचं घरच होते ना."

इतकी वर्षे मी ते कमळ लोकांच्या गळ्यात घालत आलो होतो आणि चिखलाची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. मी म्हटले, कमळ काढतो.

"कमळ काढा. आन मायचं बी काढा. सगळंच."

मी थोडा वैतागलो. मग उरते काय, मी विचारले. तुझ्या गणितावर मी काय लिहू, मला त्यातले ओ की ठो कळत नाही. तिने तिच्या संशोधनाचा विषय एका परिच्छेदात लिहून आणला होता. तो मी तीनदा वाचला. पृष्ठभागांविषयी काहीतरी होते, एवढे कळले, पण हे पृष्ठभाग कशाचे आणि कुठे ठेवलेले, ते शेवटपर्यंत लक्षात आले नाही.

तेव्हा तिने कारण सांगितले. दहावीला ती तालुक्यात पहिली आली होती. तालुक्याच्या ठिकाणी मोठा सत्कार झाला. आई समोर दुसऱ्या रांगेत बसली होती. पाहुण्यांनी भाषणात तिला उभे केले आणि म्हणाले, या माऊलीच्या पायांकडे पाहा, अर्धपोटी राहून, या भेगाळल्या पायांनी हिने मुलीला इथवर आणले. सगळ्या सभागृहाने वळून पायांकडे पाहिले. आईने लुगडे खाली ओढून पाय झाकायचा प्रयत्न केला, पण उभ्या माणसाला पाय कुठे झाकता येतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तवापासून ती एका बी कार्यक्रमाले आली नाई. बारावीले नाई, पदक भेटलं तवा नाई. या वेळी येतो म्हनाली, कारन मी आठ दिवसात निंगून जाऊन राह्यली. मी तिले कबूल केलं का कोनी काई बोलनार नाई. तुमी ते वाचलं, त पुन्हा कदी येनार नाई ती. आन मग मी बी इथी नसन."

इतके बोलून तिने तो थंडगार चहा एका घोटात संपवला.

"आई शिंगाडे कुठे विकते?" मी विचारले.

"टेसनाच्या रस्त्यावर. निंबाच्या झाडाखाली."

मग मी तिला ओळखतो, मी म्हणालो. ओळखतो म्हणजे तिच्याकडून शिंगाडे घेतो. दिवाळीनंतर बायको मला तिकडे पिटाळते आणि म्हणते, निंबाखालच्या बाईकडूनच आणा, बाकीच्यांचे पाणचट असतात. त्या बाईच्या पायांकडे मी कधी पाहिले नव्हते. तिच्याशी बोललोही होतो ते एवढेच की आजचे गोड आहेत का. ते नेहमीच गोड आहेत असे ती सांगायची.

मी मानपत्र नव्याने लिहिले. त्यात मुलीची बुद्धी होती, चिकाटी होती, शिक्षकांचे मार्गदर्शन होते आणि तो पृष्ठभागांचा परिच्छेद जसाच्या तसा होता. समन्वयकांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. हे कोरडे आहे, ते म्हणाले, एवढी कहाणी हाताशी असताना तुम्ही सोडून कशी देता. मी म्हणालो, मुलीची इच्छा आहे. ते म्हणाले, मुलीला काय कळते. मी म्हणालो, गणित कळते, तुम्हाला आणि मला कळत नाही, आणि विषय मिटवला. मानपत्र सोनेरी कागदावर छापून, काचेच्या चौकटीत बसून तयार झाले.

सोहळ्याच्या दिवशी सभागृह भरले होते. वडील मिरची तोडायला तेलंगणात गेलेले होते. मुलीची आई पहिल्या रांगेच्या टोकाला, हिरव्या नव्या लुगड्यात बसली होती. पायांत मोजे होते. फेब्रुवारीत गडचिरोलीला दुपारी मोजे घालणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. मोजे नवे होते, पांढरे, आणि चपलेच्या अंगठ्यापाशी ते चुरगळले होते. ती पाठ ताठ ठेवून बसली होती. मुलीचे ताठ बसणे कुठून आले, ते मला तेव्हा कळले.

आधी धावणाऱ्या पोराचा सत्कार झाला. त्याने शाल घेतली आणि तो धावतच खाली उतरला. मग नाटकवाल्या बाबूचे मानपत्र वाचले गेले. निवेदिकेचा आवाज चांगला होता आणि मी वाढवलेल्या गरिबीला तिने पुरेपूर न्याय दिला. 'ज्या मातेने चिखलात उभे राहून आपल्या स्वप्नांची रोवणी केली' हे वाक्य आले तेव्हा सभागृह शांत झाले. बाबूने खिशातून रुमाल काढला. रुमाल काढायची वेळ त्याने इतकी अचूक साधली की मला टाळी वाजवावीशी वाटली. त्याची आई व्यासपीठावर गेली, ठसठशीत, पाटल्या घातलेली, आणि तिने दोन्ही हात जोडून सगळीकडे फिरवले.

शेवटी मुलीचे मानपत्र. पृष्ठभागांचा परिच्छेद वाचताना निवेदिकेची जीभ दोनदा अडखळली. मागच्या रांगेतले लोक घड्याळे पाहू लागले. वाचन संपले, टाळ्या झाल्या, आईला वर बोलावले, तिलाही शाल दिली. कोणी काही बोलले नाही. कोणी पायांकडे पाहिले नाही. मुलीने व्यासपीठावरून माझ्याकडे पाहून किंचित मान लववली. ठरल्याप्रमाणे सगळे नीट पार पडले म्हणून मी खूश होतो.

जेवणात मसालेभात आणि बुंदी होती. मी ताट घेऊन सावलीत उभा होतो तेव्हा आई माझ्याजवळ आली. शाल अजून खांद्यावर होती.

"तुमी आमचे गिऱ्हाईक होय ना, भाऊ?"

हो, मी म्हणालो, दिवाळीनंतर येतो मी.

"तो कागद तुमीच लिवला म्हनते पोरगी."

"हो, बाई."

"चांगला लिवला," ती म्हणाली. थोडा वेळ ती बुंदीचे दाणे ताटात इकडचे तिकडे करत राहिली. "माहं त काईच नाई आलं त्यात."

मुलीने काढायला लावले, हे सांगणे माझ्या जिभेवर आले होते, पण मायलेकींच्या मध्ये पडणारा माणूस दोन्हीकडून मार खातो. मी म्हणालो, कागद लहान होता.

"त्या नाटकवाल्याचा बी तेवढाच होता. त्यात त्याची माय आली. चिखलात उभी राह्यली म्हने." ती हसली नाही. "मी पान्यातच हावो, भाऊ. सोयरीक होऊन आली तवापासून. पोरगी पोटात होती तवा बी शिंगाडे काहाडले. ते कोनाले दिसलं नाई काय?"

मी म्हणालो, मला वाटले तुम्हाला ते आवडणार नाही. मागे एका पाहुण्याने...

"तो पाहुना!" तिच्या आवाजाला धार आली. "तो अर्धपोटी म्हनाला मले. साऱ्या तालुक्यासमोर. माह्या घरात कोनी अर्धपोटी झोपलं नाई आजवर. माहे सासरे तवा जिते होते, ते खाली मान घालून बसले. काऊन सांगावं त्यानं खोटं? पाय दाखवले त दाखवले. पाय त माहेच होय. पन उपाशी काऊन म्हनलं?"

मला वाईट वाटले. बाईबद्दल तर वाटलेच, मुलीबद्दल त्याहून जास्त वाटले. इतकी वर्षे तिने आईची लाज राखली, आणि लाज भलतीच होती.

"आता गावात वाचतीन," आई म्हणाली. "तिथी बी येनार नाई."

हे मला समजले नाही, तेव्हा तिने समजावले. त्यांच्या गावात बाहेरून कुठलाही मोठा कागद आला की तो आधी समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, मग घरी न्यायचा, अशी रीत आहे. फार पूर्वी तलावाच्या ठेक्याचा कागद एका पुढाऱ्याने आणला आणि खिशात ठेवून सगळे ठीक आहे असे सांगितले. प्रत्यक्षात तलाव दुसऱ्या गावच्या ठेकेदाराला गेला होता. गाव एक हंगाम पाण्याच्या काठावर बसून दुसऱ्यांना मासे धरताना पाहत राहिले. तेव्हापासून ठरले की ओट्यावर वाचला तोच कागद खरा. न्यायालयाचा निकाल असो की पोरांची नोकरी, आधी ओटा. तिथे जे ऐकले ते गावाच्या डोक्यात बसते आणि जे ऐकले नाही ते झालेच नाही असे मानतात.

"आज सांजच्याले वाचतीन. सासरची, माहेरची, सारी येतीन. पोरीचं ऐकतीन. माहं कोन सांगन?"

तिने ताट खाली ठेवले. बुंदी तशीच होती.

त्यांचे गाव वडशाच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आहे. मी त्यांना माझ्या गाडीतून सोडणार होतो, ते आधीच ठरले होते. मुलगी पुढे माझ्या शेजारी बसली, चौकट मांडीवर धरून. आई मागे, मोजे काढून हातात घेतलेले. मुलगी आनंदात होती, ते तिच्या बोटांवरून कळत होते, ती काचेवर हळूहळू ताल धरत होती.

आरमोरीला आई गावात वाटायला पेढे घ्यायला उतरली. ती दुकानात शिरल्यावर मी मुलीला सगळे सांगितले. गोड करून सांगणे मला येत नाही, त्यामुळे जसे ऐकले तसे सांगितले. बोटांचा ताल थांबला.

"तिनं मले कदी म्हनलं नाई," ती म्हणाली.

"तू विचारलंस?"

"ती रडत होती ना, सर, त्या दिवशी. घरी येऊन दोन दिवस बोलली नाई. मले काय समजन?" मग ती रागावली, माझ्यावर. "तुमी काऊन माहं ऐकलं? तुमी मोठे. लिवाचं होतं तुमी."

मी ऐकून घेतले. खरे तर ती माझ्यावर रागावलीच नव्हती, स्वतःवर रागावली होती. मी म्हणालो, मी उद्या दुसरे मानपत्र लिहितो, समन्वयकांना सांगून तोच कागद, त्याच सह्या मिळवतो, चौकट बदलून देतो.

"आज वाचतीन," ती म्हणाली. "एक डाव वाचलं का झालं. गाव दुसऱ्यांदा नाई ऐकत."

आई पेढ्यांची पिशवी घेऊन आली. पुढचा सगळा रस्ता मुलीने काचेतून बाहेर पाहण्यात घालवला. बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या होत्या आणि मधूनमधून मोहाची झाडे, त्यांच्याकडे इतके निरखून पाहण्यासारखे काही नव्हते.

गावाच्या वेशीवर मुलीच्या फोटोचा मोठा फलक लावला होता. फोटोत तिला गोरी केले होते आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो तिच्यापेक्षा संख्येने बरेच जास्त होते. डफ वाजत होता. सूर्य अजून तलावाच्या मातीच्या पाळीवर होता. तलावात पाणी कमी झाले होते आणि काठाशी शिंगाड्याचे वाळके वेल गोळा होऊन पडले होते. मी तलाव पाहिला तो चालता चालता, कारण लोक आम्हाला ओट्याकडे ढकलत होते.

ओट्यावर सतरंजी होती. मच्छीमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष मधोमध बसले होते. त्यांनी चौकट हातात घेतली, उलटी सुलटी करून पाहिली, काचेवर फुंकर मारली. मला पाहून ते म्हणाले, तुमी मास्तर आहा, तुमीच वाचा. मी उठायच्या बेतात होतो.

"मी वाचतो," मुलगी म्हणाली.

म्हाताऱ्यांनी थोडा विचार केला. स्वतःची स्तुती स्वतः वाचावी का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग ते म्हणाले, "जिचा कागद तिनं वाचावं. काई हरकत नाई."

आई समोर बायकांमध्ये बसली होती, अनवाणी, पाय पुढे पसरून. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती जमिनीकडे पाहत होती. काय येणार हे तिला माहीत होते, आणि काय येणार नाही तेही. शेजारची बाई तिला कोपराने ढोसून काहीतरी म्हणाली.

मुलीने चौकट दोन्ही हातांत धरली आणि वाचायला सुरुवात केली. मी लिहिलेला मायना, मी लिहिलेली पहिली ओळ. आवाज स्पष्ट होता. बुद्धी आली, चिकाटी आली, शिक्षक आले. पृष्ठभागांचा परिच्छेद तिने न अडखळता वाचला, आणि गाव तो सगळा ऐकत राहिले, एका अक्षराचा अर्थ न लागता, सभागृहापेक्षा कितीतरी अदबीने. त्यानंतर कागदावर फक्त शुभेच्छा होत्या. मी त्यांची वाट पाहत होतो.

"'आणि या यशामागे उभी आहे ती आपली माता,'" ती वाचू लागली.

मी मान वर केली. असे वाक्य त्या कागदावर नव्हते. तिची नजर काचेवर होती आणि उजव्या हाताचे बोट ओळीखालून सरकत होते, शाळेत पहिलीच्या पोराचे सरकते तसे. तिथे माझे शुभेच्छांचे तीन शब्द छापलेले होते, मला पाठ आहेत.

"'जिने आपल्या घरात कोणालाही कधी उपाशी ठेवले नाही,'" ती वाचत होती, "'जिने आपली कन्या पोटात असतानाही तलावाचे पाणी सोडले नाही, जिच्या हातचे शिंगाडे वडशाच्या बाजारात लोक शोधत येतात...'"

भाषा माझीच होती. तीच माता, तीच कन्या, तोच फुगलेला थाट ज्याची मी इतकी वर्षे मनातल्या मनात टिंगल करत आलो. घरी बोलताना ती मुलगी यातला एकही शब्द वापरणार नाही. पण मानपत्रात सांगायचे ते मानपत्राच्याच भाषेत सांगितले तर खरे, हे तिला समजले होते, आणि ती भाषा तिने माझ्या त्या पहिल्या, घडी घालून ठेवलेल्या मसुद्यातून उचलली होती. एकदाच वाचला होता तिने तो. मी खाकरलो, तर अध्यक्षांनी माझ्याकडे डोळे वटारले.

आईने पदर तोंडावरून काढला होता. ती आता जमिनीकडे पाहत नव्हती. शेजारची बाई पुन्हा ढोसत होती आणि या वेळी आईने तिचा हात बाजूला सारला, ऐकू दे म्हणून.

"'...जिने ऐन थंडीत, कमरभर पाण्यात उभे राहून, काट्यांची पर्वा न करता...'"

"कमरभर नाई वं," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "छातीभर."

बायका हसल्या. म्हाताऱ्या अध्यक्षांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. मुलीने मान वर केली नाही. काचेवरचे बोट तिने मागे नेले, ओळीच्या सुरुवातीला ठेवले आणि पुन्हा वाचले.

"'ऐन थंडीत, छातीभर पाण्यात उभे राहून.'"

"हं," आई म्हणाली. "आता पुढं वाच."